आर्चबिशप आणि आमचा तयार खड्डा

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. औषधांचं मागणीपत्र तरी पाठवता येतं. किस्से न मागता येतात आणि एकदा आले की कपाटात बसून राहतात.

परवा वाशीमला भाचीकडे गेले होते. तिच्या मैत्रिणी जमल्या होत्या. मी सहज आमच्या मिशनचा एक किस्सा सांगितला, तर पोरी मागेच लागल्या, "मावशी, अजून एक!" दुसऱ्याला सगळ्या खो खो हसल्या. तिसऱ्याला चहा गार झाला आणि कोणी कोणाकडे बघेना. भाची म्हणाली, "मावशी, तू ना, जेवायच्या आधी असलं सांगत जाऊ नकोस!"

मी काय करू? आमचे किस्से असेच आहेत. हसत हसत सुरू होतात आणि माळावर जाऊन थांबतात. माळावर म्हणजे आमच्या कब्रस्तानात.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. मानोऱ्याच्या पुढे, तांड्यांच्या मधोमध एक कॅथलिक मिशन आहे: एक छोटं चर्च, एक बोर्डिंग, एक दवाखाना. त्या दवाखान्यात मी नर्स. सगळे मला नर्सबाई म्हणतात. तिथंच केस पांढरे झाले. देव माझा घरी, नोकरी त्यांच्या देवाच्या दारात. दोघांनीही कधी तक्रार केली नाही.

* * *

फादर चाको केरळचे. उंची अशी की दवाखान्याच्या दारात आधी 'ठक्क' असा आवाज यायचा आणि मग फादर यायचे. चौकटीखाली वाकायला ते कायम विसरायचे. त्यांच्या कपाळाला आयोडीन लावण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली.

माणूस फार शिकलेला. रोमला शिकले, मोठ्या गुरुकुलात होऊ घातलेल्या फादरांना शिकवलं, आणि मग स्वतःहून मागून आमच्या या उन्हात आले. का आलात, असं विचारलं की म्हणायचे, "तिकडं माणसं फार हळू बोलत."

मराठी शिकले ते तांड्यावर. त्यामुळे पुस्तकी मराठी त्यांना कधी आलीच नाही. एकदा सगळ्या फादरांची मोठी बैठक होती. बिशपसाहेब, म्हणजे त्या सगळ्या इलाख्याचे प्रमुख, समोर बसलेले. कुठल्याशा ठरावावर सगळे माना डोलवत होते. फादर चाको उठले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मले हे पटून नाही राह्यलं बाप्पा!"

ठराव बारगळला म्हणे.

* * *

आता त्या खड्ड्याचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

दिवाळी झाली की आमच्या तांड्यावर ट्रक येतात. कोयते, भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं चढतं आणि माणसं ऊसतोडीला जातात. ती परत येतात उन्हाळा लागल्यावर. मध्ये गावात उरतात म्हातारी माणसं, काही बायका, बोर्डिंगातली पोरं आणि आम्ही.

मरण मात्र तोडीला जात नाही. ते इथंच असतं.

आमचं कब्रस्तान माळावर. काळी जमीन मेलेल्यांना कोण देणार? वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याच्याखाली दगड. तिथं खड्डा खोदायचा तर चांगले दणकट गडी लागतात.

एका हिवाळ्यात मार्था गेली. पास्कलची बायको. बाळंतपणासाठी मागं राहिली होती, पास्कल तोडीवर. गाडी मानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात पोचायच्या आत आई गेली आणि बाळही गेलं. मी गाडीतच होते. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

खड्डा खोदायला गावात माणूस नव्हता. फादर, दोन म्हातारे आणि आम्ही बायका पहारी घेऊन माळावर गेलो. दिवस मावळला तरी गुडघाभरच झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलो. दुपार कलली आणि पास्कल आला. कुठून कुठून गाड्या बदलत आला होता, अंगावर उसाची कुसळं तशीच. त्याला वाटलं होतं, आता नुसती माती बघायला मिळेल. इथं खड्डाच झाला नव्हता!

त्यानं फादरांच्या हातातली पहार घेतली आणि खड्ड्यात उतरला. बायकोचा खड्डा त्यानं स्वतः पुरा केला. आम्ही सगळे वर उभे राहून बघत होतो. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

माती दिल्यावर फादर तिथंच उभे राहिले. फोड आलेले हात झग्याला पुसत म्हणाले, "पुन्हा कोनावर हे पाळी येनार नाही."

तेव्हापासून आमच्याकडे ही रीत. ट्रक येऊन लागले की बायका बोचकी बांधतात आणि गडी माळावर जाऊन एक खड्डा खोदून ठेवतात. वर लाकडं, त्यावर टिनाचे पत्रे, पत्र्यांवर दगड. कोणासाठी, ते कोणालाच माहीत नसतं. हिवाळ्यात जो जाईल त्याचा.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंतरी होतं. आम्हाला होत नाही. लोक लाकूडफाटा भरून ठेवतात, तसा आमचा खड्डा.

* * *

त्या खड्ड्यावर कायमचा हक्क सांगायची सुंदराआजी.

सुंदराआजी म्हणजे तांड्यावरची सगळ्यात जुनी बाई. दर दिवाळीला काठी टेकत माळावर जायची, खड्ड्यात डोकावून बघायची आणि खोदणाऱ्यांना सांगायची, "नीट खोदा रे पोट्टेहो! या साली माहाच नंबर हाय."

आणि दर साली दुसराच कोणी जायचा. एकदा तिचा धाकटा दीर गेला, एकदा शेजारीण गेली. आजी प्रत्येकाच्या मातीला यायची आणि मनापासून रागवायची. दिराच्या वेळी तर सगळ्यांसमोर म्हणाली, "पाहा बरं याचं! जितेपनी रांगेत उभा राह्यला नाही, आन् इथं बरा पुढं घुसला!"

फादरांना मंत्र म्हणता म्हणता हसू फुटलं. त्यांनी पुस्तक तोंडासमोर धरलं. पण खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसत होते.

* * *

मार्था गेल्यावर पास्कल पुन्हा कधी तोडीला गेला नाही. फादरांनी त्याला मिशनमध्ये ठेवून घेतलं, मुलांना प्रार्थना शिकवायला. अशा माणसाला ते लोक मास्तर म्हणतात. पास्कलचा पास्कल मास्तर झाला. पण दर दिवाळीला पहिली पहार तोच मारायचा.

एका साली खड्डा खोदून झाला. सगळे घाम पुसत बसले होते. मी पाणी घेऊन गेले होते. फादर उठले, झगा वर धरला आणि चक्क खड्ड्यात उतरून आडवे झाले!

"फादर!" मी ओरडलेच. "काहीतरीच काय!"

"पाहून राह्यलो," खालून आवाज आला. "मीबी इथंच येनार ना शेवटी."

बघतो तर काय, पाय मावेनात. टाचा खड्ड्याच्या कडेवर! पास्कल मास्तरनं वरून नीट अंदाज घेतला आणि म्हणाला, "फादर, तुमाले हातभर कमी पडते."

त्यानं पहार उचललीसुद्धा. फादर हसत उठून बसले. "राहू द्या मास्तर. आता कायले? लागन तवा सांगीन."

सगळे हसले. मग फादर वर आले आणि झग्यावरची माती झटकली. एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पन आयका. मी कुठंबी गेलो, तरी माती इथलीच. हे ध्यानात ठेवा."

बोलण्यातला शब्द, कागद नाही, सही नाही. पण तांड्यावर शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून लोकांच्या लेखी फादर केरळचे राहिले नाहीत. ज्याची माती इथं, तो इथला.

* * *

मग तो हिवाळा आला.

फादरांना एक फोन आला आणि त्यांचं जेवण सुटलं. दवाखान्यात येऊन नुसते बसायचे. संध्याकाळी एकटे माळावर जायचे. पास्कल मास्तरला रेडिओ देऊन टाकला. सायकल बोर्डिंगला दिली. अंगातला स्वेटर एका म्हाताऱ्याला काढून दिला आणि स्वतः कुडकुडत राहिले.

मी जबरदस्तीनं बसवून बीपी बघितलं, तर आकडा बघून मलाच घाम फुटला.

"कुठला रिपोर्ट आलाय का?"

"आला."

"काय आहे?"

"सांगता येत नाही, नर्सबाई."

"पण इलाज?"

ते खिन्न हसले. "मी नाही म्हनून पाह्यलं. थे आयकत नाहीत."

रिपोर्टला कोणी नाही म्हणतं का? मला वाटलं, दुखणं डोक्यापर्यंत गेलं. घरी येऊन देवापुढे बसले आणि रडले.

तांड्यावर तर कोणाला विचारायची गरजच पडली नाही. माणूस वस्तू वाटतोय, जेवत नाही, माळावर जाऊन बसतोय, आणि खड्डा तर तयारच आहे! दोन बायका जाऊन खड्ड्यातला पाला काढून आल्या. सुंदराआजीनं पहिल्यांदाच आपला नंबर सोडला. मला म्हणाली, "जाऊ दे त्याले. पन लांबीचं कसं करता वं?"

* * *

आमची घंटा प्रार्थनेच्या वेळी वाजते. भलत्या वेळी वाजली तर तिचा अर्थ एकच. कोणीतरी गेलं.

एक दिवस दुपारी, चारचा सुमार असेल, घंटा वाजायला लागली. थांबेचना!

हातातली सलाईनची बाटली मी तशीच टेबलावर ठेवली आणि धावले. तांड्यावरून बायका छाती पिटत येत होत्या. दोघीजणी चर्चकडे आल्याच नाहीत, तडक माळावर जाऊन खड्ड्यावरचे पत्रे काढायला लागल्या. पास्कल मास्तर अनवाणी धावत आला.

आणि चर्चच्या दारात फादर चाको उभे. जिवंत, पांढरा झगा घालून. चेहराही तेवढाच पांढरा.

घंटा वाजवत होती नुकतीच आलेली एक सिस्टर. तिच्या गावाकडे असल्या बातमीला घंटा वाजवतात म्हणे. बातमी अशी होती की रोमहून पोपनी जाहीर केलं होतं, एका दूरच्या, फार मोठ्या शहराचे नवे आर्चबिशप म्हणून आमचे फादर चाको! आर्चबिशप म्हणजे बिशपांमधले थोर. लाखो माणसांचा इलाखा. साध्या फादरला एकदम असं कधी करत नाहीत, पण रोमला त्यांची विद्या आठवली असावी. आणि त्यांच्यात कडक नियम आहे, ज्याला निवडलं त्याला आधी विचारतात, पण जाहीर होईपर्यंत त्यानं कोणापाशी अवाक्षर काढायचं नाही.

म्हणजे 'रिपोर्ट' तो होता!

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. बायका डोळे पुसायला लागल्या. सिस्टर म्हणाली, "रडू नका, आनंदाची बातमी आहे!"

सुंदराआजीनं तिच्याकडे बघितलं, मग फादरांकडे. "म्हंजे जाऊनच राह्यले ना?"

फादरांनी मान खाली घातली.

"मंग झालं तं," आजी म्हणाली. "रडलो थे काई वाया गेलं नाही."

* * *

आर्चबिशपचा झगा वेगळा असतो. काठाला आणि बटणांना जांभळट लाल रंग. मोठ्या शहरात असे झगे शिवणारी खास दुकानं आहेत. पण फादरांचे झगे कायम मंगरूळपीरच्या सलीमभाईनं शिवलेले. तिथंच शिवायचा, असं त्यांनी ठरवलं. मी सोबत होते.

सलीमभाईनं माप घेतलं. फादरांची उंची त्याला तोंडपाठ होती, तरी स्टुलावर चढून पुन्हा घेतली. मग कापड बेतून मशिनपाशी बसला आणि टीप घालता घालता विचारलं, "फादर, बुरा मत मानना. आमच्यात आखरी कपड्याले शिलाई नसते. बिना टाक्याचं कफन. तुमच्यात काय घालतेत?"

"आमच्यात?" फादर म्हणाले. "आर्चबिशपले हाच झगा घालतेत, आन् वरून पूजेचे कपडे."

सलीमभाईनं चालू टीप थांबवली. कापड मशिनखालून काढलं आणि उसवायला लागला.

"काय झालं, सलीमभाई?"

"दुसऱ्या धाग्यानं शिवतो," तो म्हणाला. "हा धागा इतका टिकत नाही."

* * *

पदग्रहणाला आम्ही वाशीमहून रेल्वेनं गेलो. पास्कल मास्तर, सुंदराआजी, तांड्यावरच्या काही बायका, सलीमभाई आणि मी. पोळ्या, ठेचा, पाण्याच्या बाटल्या, सगळं घेऊन.

काय ते कॅथेड्रल! आमचं अख्खं मिशन त्याच्या दारात मावलं असतं. आम्हाला अगदी मागं जागा मिळाली. पुढं बिशपांची रांग, फुलं, कॅमेरे. फादर आले ते डोक्यावर उंच टोपी आणि हातात वाकडी काठी घेऊन. एवढ्या उंच दारातूनही ते वाकून आत आले. इथं पहिल्यांदाच वाकायची गरज नव्हती, आणि इथं नेमकं लक्षात राहिलं!

लोक रांगेनं त्यांच्या अंगठीचं चुंबन घेत होते. सुंदराआजीनं चुंबन वगैरे काही घेतलं नाही. तिनं त्यांच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मागचे मोठे लोक ताटकळले.

सगळं आटोपल्यावर तिथला एक माणूस मोठ्या अभिमानानं आम्हाला चर्च दाखवत होता. बाजूच्या वेदीपुढे फरशीत दगड बसवलेले, प्रत्येकावर नाव. आजवरचे सगळे आर्चबिशप तिथं पुरलेले. शेवटच्या दगडावर मात्र नाव नव्हतं.

"ही जागा नव्या आर्चबिशपसाठी," तो म्हणाला. "खाली सगळं बांधून तयार आहे."

आमचे सगळे त्या कोऱ्या दगडाकडे बघत उभे राहिले. सुंदराआजीनं काठीनं त्याच्यावर टक टक केलं.

"आमच्यावानीच हाय की," ती म्हणाली. "हेबी आंदीच खोदून ठेवतेत."

त्या माणसाला काही कळलं नाही. तो हसला. आजी हसली नाही. तिनं पास्कल मास्तरकडे बघितलं. "मंग आपल्या खड्ड्याचं काय रे?"

जेवणाच्या मांडवात पास्कल मास्तर पुन्हा रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर त्यानं अंगठीला हात लावला नाही. सरळ विचारलं, "फादर, थो खड्डा बुजवू का ठेवू?"

आजूबाजूला पांढरे झगे, मंत्री, फोटोवाले. फादर खाली वाकले आणि त्याच्या कानात एकच शब्द बोलले.

परतीच्या प्रवासात अख्ख्या डब्यानं त्याला तेच तेच विचारलं आणि त्यानं प्रत्येकाला तेच सांगितलं, "ठेवा म्हने."

* * *

पुढच्याच हिवाळ्यात सुंदराआजीचा नंबर लागला. खरा.

दमा छातीत भरला होता. मी रोज तिच्याकडे जात होते. शेवटी शेवटी तिनं माझा हात धरला. "नर्सबाई, मले त्या खड्ड्यात टाकू नका."

"काहून आजी? किती सालं मागत होत्या!"

"थो फादरचा हाय. त्याचा शब्द हाय ना? मी त्याच्यात झोपली तं थो कुठं येईन?"

आजी गेली. ट्रक कधीचे गेले होते. तयार खड्डा समोर होता, पत्रे काढले की झालं असतं. पण आजीचं शेवटचं बोलणं मोडायला कोणी तयार होईना. मग पुन्हा पहारी निघाल्या. पास्कल मास्तरही आता म्हातारा झालेला. आम्ही बायकांनी दगड फोडला. आजी घरात, आणि आम्ही माळावर, दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत. मार्थाच्या वेळेसारखंच. तेच टाळायला तर ही रीत सुरू केली होती!

माझं डोकं फिरलं. मी माळावरूनच त्यांना फोन लावला. आर्चबिशप वगैरे काही मनात आणलं नाही.

"तुमच्यासाठी खड्डा अडवून ठेवलाय, आणि म्हातारी वर पडली आहे! तुमचा शब्द तुम्हाला तरी आठवतो का? यायचं असेल तर सांगा, नसेल तर तेही सांगा. आम्ही बुजवतो!"



ते म्हणाले, "मले यिऊ देऊन नाही राह्यले वं."

मला त्यांनी त्याआधी कधी 'वं' म्हटलं नव्हतं, ते इकडे घरच्या बाईला म्हणतात. मी फोन ठेवला. हातात पहार होती, ती चालवत राहिले.

* * *

तेव्हापासून आमचे गडी दोन खड्डे ठेवतात. एक गावाचा, एक फादरचा. पावसाळ्यात कडा ढासळतात, पाणी भरतं, म्हणून दिवाळीला फादरचाही पुन्हा साफ करतात. आणि ट्रक निघायच्या सुमाराला फादरांचा फोन येतो, "रिकामा हाय ना?" मी म्हणते, "आहे." झालं, एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात ते सुंदराआजीच्या कबरीवर प्रार्थना करायला आले. मोठी गाडी, ड्रायव्हर, सोबत सेक्रेटरी म्हणून एक तरुण फादर. झगा सलीमभाईचाच, पण अंगात नुसता लोंबत होता. माळ चढताना दोनदा दगडावर बसले. पूर्वी तोच माळ ते झगा वर खोचून धावत चढायचे.

सेक्रेटरीनं पत्रे बघितले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "नर्सबाई, आर्चबिशपांना कॅथेड्रलमध्येच ठेवायची रीत आहे. तिथले लोक ऐकणार नाहीत. हे तुम्ही बुजवून टाका. गावकऱ्यांच्या भावना मी समजू शकतो, पण..."

पास्कल मास्तर मागंच उभा होता. "भावना नाही साहेब," तो म्हणाला, "मुरूम हाय. पुन्हा खोदाले दोन दिस लागतेत."

खाली दवाखान्यात आल्यावर फादर माझ्या जुन्या बाकावर बसले. मी त्यांच्या पायाकडे बघितलं. चपलेचे पट्टे सुजेत रुतले होते. मी अंगठ्यानं नडगी दाबली आणि सोडली. खळगा तसाच राहिला. भरलाच नाही.

मी वर बघितलं. आम्ही दोघांनी एकमेकांना पुष्कळ वर्षं ओळखलेलं.

"रिपोर्ट आलाय?" मी विचारलं.

"आला."

"सांगता येत नाही?"

ते हसले. जाताना दारात पुन्हा ठक्क. कपाळाला मी आयोडीन लावलं. सेक्रेटरी घाबरून रुमाल घेऊन धावला, तर फादर त्याला म्हणाले, "राहू दे. हे आमचं जुनं हाय."

* * *

या साली दिवाळी होऊन भाऊबीज उरकली. तांड्यावर ट्रक येऊन उभे होते. कोंबड्या पाट्यांखाली झाकून झाल्या होत्या. मी दवाखान्यात, तोडीला जाणाऱ्या बायकांना तापाच्या गोळ्यांची पाकिटं बांधून देत होते.

फोन वाजला. आवाज इतका खोल गेला होता की मी आधी ओळखलाच नाही.

"नर्सबाई?"

"बोला फादर." मला ते आर्चबिशप म्हणणं कधी जमलंच नाही.

"ट्रक आले?"

"आले. उद्या संध्याकाळी निघतील."

"खोदून झालं?"

"गावाचा झाला. तुमचा उद्या सकाळी साफ करतात. रिकामाच आहे, काळजी करू नका."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मागं कोणीतरी त्यांना हळू आवाजात आडवं व्हायला सांगत होतं.

"मास्तरले सांगजा," ते म्हणाले, "या खेपेले हातभर लांब घ्या म्हना."